लाटेवरच्या बोयाचे नियंत्रण : पद्धत निवडण्याआधी यंत्राचे तोटे मोजा

गोव्यातल्या फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्राच्या लाटांवर वरखाली होणारा बोया आणि त्याला जोडलेले, सरळ रेषेत मागेपुढे चालणारे जनित्र हा तिच्या प्रकल्पाचा विषय आहे. मार्गदर्शक म्हणतात की साधा पीआयडी नियंत्रक, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष मूल्यातली चूक पाहून बल दुरुस्त करणारा नियंत्रक, पुरे. शोधनिबंधांत मात्र रिअ‍ॅक्टिव्ह कंट्रोल, लॅचिंग, मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल आणि अलीकडे मशीन लर्निंग यांचीच चर्चा दिसते. यांतले काय निवडावे, आणि गोव्याच्या समुद्रात त्याचा काही उपयोग होईल का, असे तिला जाणून घ्यायचे आहे. मी गेली वीसेक वर्षे नियंत्रण-यंत्रणांचे काम करतो आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे लाटकुंडातल्या, म्हणजे कृत्रिम लाटा उठवणाऱ्या हौदातल्या, प्रतिकृतींवर गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात पद्धतीचे नाव आधी आले आहे. माझ्या अनुभवात ते सगळ्यात शेवटी यायला हवे. बोयाचा स्वतःचा झोका किती सेकंदांचा आहे, येणाऱ्या लाटा किती सेकंदांच्या आहेत, जनित्रातून ऊर्जा एकदा बाहेर येताना आणि एकदा उलट आत जाताना किती गळते, आणि बोयाला जनित्राशी जोडणारा दांडा किती अंतर सरकू शकतो, या चार गोष्टी कळल्या की पद्धत जवळजवळ आपोआप ठरते. त्या न कळता निवडलेली पद्धत कितीही नवी असली तरी ती संगणकावरच चालते, पाण्यात चालत नाही.

एक उदाहरण हातात घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडायचे नाही. दहा मीटर व्यासाचा, खालचा पाच मीटर भाग पाण्यात बुडालेला उभा दंडगोल घ्या. तो एक मीटर खाली दाबला तर पाणी त्याला सुमारे ७९० किलोन्यूटन बलाने वर ढकलते. हीच त्याची स्प्रिंग. त्याचे वस्तुमान सुमारे ४०० टन. त्याच्याबरोबर जे पाणी हलावे लागते, ज्याला आपण अ‍ॅडेड मास म्हणतो, ते ढोबळ हिशेबाने आणखी १७० टन. एवढ्यावरून त्याचा नैसर्गिक आवर्तकाल, म्हणजे स्वतःच्या एका झोक्याला लागणारा वेळ, सुमारे ५.४ सेकंद निघतो. आता दक्षिण महासागरातून हजारो किलोमीटर चालत आलेली १२ सेकंदांची लांब लाट त्याच्याखाली आली की काय होते? बोया इतका चपळ आहे की तो लाटेच्या पाठीवर कागदी होडीसारखा निमूट वरखाली होतो. लाटेचे बल जेव्हा सर्वाधिक असते, तेव्हा त्याचा वेग जवळजवळ शून्य असतो. बल आणि वेग यांच्यात नव्वद अंशांचे कलांतर, म्हणजे पाव झोक्याचा फरक, पडले की सरासरी शक्ती हाती लागत नाही, हे तुम्ही विद्युत मंडलांत शिकलाच आहात. येथे फक्त व्होल्टेजच्या जागी बल आणि प्रवाहाच्या जागी वेग ठेवायचा.

बोयाच जड करून त्याचा झोका १२ सेकंदांचा करता येईल का? येईल, पण त्यासाठी एकूण वस्तुमान सुमारे २,९०० टन, म्हणजे पाचपट करावे लागेल. तेवढे पोलाद आणि काँक्रीट केवळ वजनासाठी समुद्रात नेणे कोणालाही परवडत नाही. जे काम वजनाने व्हायचे ते बलाच्या वेळापत्रकाने करून घेणे, म्हणजेच या क्षेत्रातले नियंत्रण.

हे वेळापत्रक आपल्याकडे नवे नाही. बाणावलीच्या किनाऱ्यावर पहाटे होडी पाण्यात लोटताना एकदा नीट उभे राहून पाहा. सहा-सात जण उलांडीला, म्हणजे होडीच्या बाजूच्या आधाराच्या लाकडाला, आणि काठाला धरून गुडघाभर पाण्यात उभे असतात. होडी प्रत्येक फुटणाऱ्या लाटेबरोबर उचलली जाते, आदळते, आणि ते तिला नुसते धरून ठेवतात; ढकलत नाहीत. सगळ्यांची नजर पायांशी नसून दोन लाटा पलीकडे असते. मग त्यांतला एक जुना माणूस काहीतरी ओरडतो आणि सगळे एकदम जोर लावतात. एक सेकंद आधी ढकलले असते तर होडी आडवी झाली असती आणि एक सेकंद उशीर झाला असता तर वाळूत रुतली असती. धरून ठेवणे, पुढची लाट वाचणे आणि नेमक्या क्षणी सोडणे या तीन क्रियांना आमच्या भाषेत लॅचिंग म्हणतात, आणि तिच्यातली अवघड क्रिया कोणती हेही त्या किनाऱ्यावरच दिसते.

आता सिद्धान्ताकडे. १९७३च्या तेलसंकटानंतर एडिनबरोला स्टीफन सॉल्टर आणि नॉर्वेतल्या ट्रॉन्डहेमला केल बुडाल व योहानेस फाल्नेस यांनी हा विषय पायापासून उभा केला. बुडाल आणि फाल्नेस यांनी दाखवले की लहान बोयादेखील योग्य कलेत हलवला तर तो स्वतःच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त रुंदीच्या लाटेतली ऊर्जा गोळा करू शकतो. वर्तुळाकार, केवळ वरखाली होणाऱ्या बोयासाठी ही सैद्धान्तिक मर्यादा म्हणजे तरंगलांबी भागिले २π. खोल पाण्यात १२ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे २२५ मीटर असते, म्हणजे मर्यादा ३६ मीटर, बोयाच्या व्यासाच्या साडेतीन पट. यामागचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे : लाट शोषणे म्हणजे येणाऱ्या लाटेवर आपली उलटी लाट टाकून तिला विझवणे, त्यामुळे ज्या वस्तूला चांगली लाट उठवता येत नाही तिला लाट शोषताही येत नाही.

ही मर्यादा गाठायची अट सुटसुटीत आहे. जनित्राचा इम्पीडन्स, म्हणजे हालचालीला होणारा एकूण विरोध, बोयाच्या इम्पीडन्सच्या कॉम्प्लेक्स कॉन्जुगेटइतका ठेवावा. म्हणजे बोयाची जादा स्प्रिंग जनित्राने उलट्या बलाने खोडून काढायची आणि उरलेला रोध बोयाच्या प्रारणरोधाइतका, म्हणजे स्वतः लाटा उठवताना त्याला होणाऱ्या रोधाइतका, ठेवायचा. रेडिओच्या अँटेनाला जे लागू आहे तेच.

पण आपल्या बोयाला ही अट लावून पाहा. लाट एक मीटर उंचीची, १२ सेकंदांची. खोल पाण्याच्या सरळ रेषीय गणिताने जास्तीत जास्त शक्ती येते सुमारे ४२० किलोवॉट, आणि त्यासाठी बोयाने मधल्या पातळीपासून जवळपास दहा मीटर वर आणि दहा मीटर खाली जायला हवे. पाच मीटर बुडालेला बोया! तो पाण्याबाहेर उडी मारून परत आदळेल. ज्या गणिताने हे उत्तर दिले, त्याची पहिली अटच अशी आहे की हालचाल बोयाच्या मानाने लहान असली पाहिजे. मोठ्या आकड्यांचे आलेख पाहताना त्या आलेखाखाली बोया किती मीटर हलला हे लिहिले आहे का, ते आधी शोधत चला.

दुसऱ्या टोकाला साधे डॅम्पिंग आहे. वेगाच्या प्रमाणात विरोध करायचा, बाकी काही नाही. इष्टतम गुणांक बोयाच्या एकूण इम्पीडन्सइतका ठेवला तर त्याच लाटेत आपल्याला सुमारे २१ किलोवॉट मिळतात आणि बोया फक्त ३६ सेंटिमीटर वरखाली होतो. या पद्धतीचा एक गुण पुस्तकांत फारसा सांगत नाहीत : इष्टतम बिंदूभोवती आलेख सपाट असतो. गुणांक चुकून दुप्पट झाला किंवा निम्मा राहिला तरी आपल्यासारख्या बोयात नुकसान २० टक्क्यांच्या आसपासच होते. समुद्रात जिथे काहीच नेमके माहीत नसते, तिथे हा गुण फार मोठा आहे.

खरी जागा या दोहोंच्या मध्ये आहे. समजा दांड्याची सरक मधल्या पातळीपासून दोन मीटर वर आणि दोन मीटर खाली एवढीच आहे, आणि त्या मर्यादेत राहून बोयाचा वेग लाटेच्या बलाच्या कलेत आणला. मग शक्ती येते सुमारे १५० किलोवॉट. आदर्श हालचालीच्या एक पंचमांश सरकीत आदर्श शक्तीचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा आणि साध्या डॅम्पिंगच्या सातपट. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की कला जुळवणे आधी, आयाम म्हणजे हालचालीचे अंतर वाढवणे नंतर.

आता या १५० किलोवॉटची किंमत पाहू, कारण बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. कला जुळवायला जनित्राने दर झोक्यात काही वेळ मोटर बनून बोयाला ढकलावे लागते; यालाच रिअ‍ॅक्टिव्ह कंट्रोल म्हणतात. आपल्या हिशेबात जनित्र बोयाकडून सरासरी सुमारे ३०० किलोवॉट घेते आणि सुमारे १४५ किलोवॉट परत देते, तेव्हा १५०च्या जवळपास उरतात. दोन्ही दिशांना कार्यक्षमता ९० टक्के धरली तर उरतात सुमारे १०७. ८० टक्के धरली तर ५७. ७० टक्के धरली तर हातात काहीच उरत नाही, साधे डॅम्पिंग मात्र तेव्हाही १५ किलोवॉट देतच असते. शिवाय क्षणिक शक्ती ८३० किलोवॉटपर्यंत उसळते, म्हणजे दीडशेच्या सरासरीसाठी त्याच्या साडेपाच पट झटका सोसणारे जनित्र, इन्व्हर्टर आणि साठवण लागते. तेव्हा रिअ‍ॅक्टिव्ह कंट्रोल वापरावे की नाही, हा प्रश्न नियंत्रकाचा नसून तुमच्या पॉवर टेक-ऑफच्या, म्हणजे बोयाच्या हालचालीची वीज करणाऱ्या सगळ्या साखळीच्या, परतीच्या कार्यक्षमतेचा आहे. मार्गदर्शकांकडून आधी तो आकडा घ्या. नुसत्या जनित्राचा नको. बेअरिंग, सील, इन्व्हर्टर आणि कपॅसिटर धरून, दोन्ही दिशांचा.

येथे माझी एक चूक सांगतो. एका लाटकुंडात आम्ही १:२५ प्रमाणातली प्रतिकृती तपासत होतो. या प्रमाणात काळ पाचपट आखडतो, त्यामुळे समुद्रातली दहा सेकंदांची लाट कुंडात दोन सेकंदांची होते. बोयाची जादा स्प्रिंग खोडण्यासाठी आम्ही स्थानाच्या प्रमाणात उलटे बल देत होतो. बोया गणितात निघाला त्याच्या निम्माही हलेना. मला वाटले की गुणांक कमी पडतो आहे, म्हणून मी तो दर फेरीत थोडा वाढवत गेलो. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीत उलटे बल पाण्याच्या स्प्रिंगच्या बरोबरीला पोहोचले, बोयाला मध्यावर परत आणणारे काही उरले नाही, आणि तो सरळ वर जाऊन वरच्या अडणीवर धाडकन आदळला. दांडा वाकला, आणि तो सरळ करून पुन्हा बसवण्यात आठवडा गेला. कारण शोधायला त्याहून जास्त वेळ लागला. स्थानमापकाच्या संदेशातला गोंगाट काढण्यासाठी मीच एक फिल्टर बसवला होता आणि त्याने ०.२ सेकंदाचा विलंब घातला होता. दोन सेकंदांच्या लाटेत ०.२ सेकंद म्हणजे ३६ अंश. ३६ अंशांचा साइन ०.५९, म्हणजे मी जे बल उलटी स्प्रिंग म्हणून देत होतो त्याचा एवढा भाग बोयाला ब्रेक म्हणून लागत होता. गुणांक कधीच कमी नव्हता. वेळ चुकलेली होती. तेव्हापासून कोणतीही प्रतिकृती हाती आली की मापकापासून जनित्राच्या बलापर्यंतचा एकूण विलंब मोजल्याशिवाय मी पाण्यात लाट सोडू देत नाही.

लॅचिंगचा मोठा फायदा असा की त्यात जनित्राला शक्ती परत द्यावी लागत नाही. बोया लाटेच्या माथ्यावर किंवा तळाशी क्षणभर थांबतो तेव्हा ब्रेकने धरायचा आणि मग सोडायचा. नियमित लाटेत धरायचा काळ सोपा आहे : लाटेचा आणि बोयाचा आवर्तकाल यांतल्या फरकाच्या निम्मा. आपल्या उदाहरणात १२ उणे ५.४, त्याच्या निम्मे, ३.३ सेकंद, आणि हे दर अर्ध्या झोक्यात. सोडण्याचा क्षण लाटेचे बल शिखरावर येण्याच्या पाव नैसर्गिक आवर्तकाल आधी, म्हणजे सुमारे १.३ सेकंद आधी हवा. म्हणजे किमान तेवढे भविष्य कळायला हवे. होडी लोटणारा माणूस दोन लाटा पलीकडे का पाहतो, ते यातून समजते.

लॅचिंगचे तोटे यांत्रिक आहेत. ब्रेकला शेकडो किलोन्यूटन बल दिवसाला हजारो वेळा धरून सोडायचे असते, आणि सोडताना बसणारा हिसका वेल्डिंग आणि दोरखंड थकवतो. ब्रेक कशाला टेकवायचा हाही प्रश्न आहे. समुद्रतळाला ताठ बांधलेल्या बोयाला आधार मिळतो, तरंगत्या चौकटीला धरलेला बोया मात्र चौकटीसकट उचलला जातो. याच्या उलट पद्धत म्हणजे डीक्लचिंग : काही काळ जनित्राचे बल पूर्ण काढून बोयाला मोकळा सोडायचा आणि मग एकदम पकडायचा. हायड्रॉलिक सिलिंडर असेल तर एका झडपेवर हे काम होते. तुमच्याकडे सरळ रेषेतले विद्युत जनित्र आहे, त्यामुळे तिच्यावर अधिक लिहीत नाही.

आणखी एक मार्ग मला मनापासून आवडतो, तो म्हणजे कलेचे काम सॉफ्टवेअरवर न टाकता यंत्रातच बसवणे. कॉर्पॉवर ओशन या स्वीडिश कंपनीने २०२३मध्ये पोर्तुगालच्या अगुसादोरा किनाऱ्याजवळ उतरवलेल्या बोयात हवेच्या दाबाचे सिलिंडर अशा रीतीने लावले आहेत की बोया मध्यापासून दूर गेला की ते त्याला आणखी दूर ढकलतात. ही उलटी स्प्रिंग पाण्याच्या स्प्रिंगला बऱ्याच अंशी खोडते आणि बोया लांब लाटांशी जुळतो. उसळणारी ती सगळी शक्ती हवेत साठते आणि परत येते. जनित्रातून जातच नाही, त्यामुळे वरचा ८० आणि ७० टक्क्यांचा प्रश्न बराचसा मिटतो. वादळात ही व्यवस्था बदलून बोयाला मुद्दाम बेसूरही करता येते.

आता आपला समुद्र. येथे एका वर्षात दोन वेगळे समुद्र असतात, आणि त्यांतल्या एकात दिवसातून दोनदा स्वभाव बदलतो. लाटेची शक्ती, दर मीटर रुंदीमागे किलोवॉटमध्ये, ढोबळमानाने उंचीच्या वर्गाला आवर्तकालाने गुणून निम्मे केल्याइतकी असते. मोसमी पावसाआधीच्या महिन्यांत समजा उंची ०.८ मीटर आणि आवर्तकाल ८ सेकंद, तर ती अडीच किलोवॉटच्या आसपास. जुलैत समजा ३ मीटर आणि ९ सेकंद, तर चाळीस. सोळापट फरक. उन्हाळ्यात नियंत्रकाचे काम मिळेल ते गोळा करण्याचे असते, पावसाळ्यात यंत्र जगवण्याचे. एकच उद्दिष्ट लिहिलेला नियंत्रक दोन्हीकडे चालत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि लहान बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या काळात बोया बिघडला तर दुरुस्तीला जाता येणार नाही, हे धरूनच त्याचे पावसाळी वर्तन आधी ठरवून ठेवावे लागते. मोठ्या लाटेत सरक कमी करणे, डॅम्पिंग इष्टतमापेक्षा जास्त ठेवणे, कला मुद्दाम बिघडवणे, हे सगळे नियंत्रणच आहे, आणि वीज मिळवण्याच्या नियंत्रणाइतकाच विचार त्याला द्यायला हवा.

फेब्रुवारी ते मे या काळात दुसरी गंमत असते. सकाळी मीरामारला उभे राहिलात तर समुद्र काचेसारखा दिसतो, पण त्याखालून लांब, उतरत्या पाठीची लाट संथपणे येत असते. दुपार झाली की खारे वारे सुटतात आणि चार-पाच सेकंदांच्या तोकड्या लाटा तिच्यावर चढतात. संध्याकाळनंतर वारा पडतो आणि पुन्हा लांब लाट उरते. वर्णपटात, म्हणजे कोणत्या आवर्तकालाच्या लाटांत किती ऊर्जा आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, दुपारी दोन शिखरे दिसतात. दोन्ही शिखरांचा अर्थ आपल्या बोयासाठी अगदी वेगळा आहे, कारण वाऱ्याच्या लाटा त्याच्या ५.४ सेकंदांच्या झोक्याजवळ आहेत आणि लांब लाटा त्यापासून दूर. सकाळी लॅचिंगने फायदा होतो. दुपारी तेच लॅचिंग चालू ठेवले तर छोट्या लाटांबरोबर आपसूक मिळणारा अनुनाद आपणच ब्रेक लावून मोडतो. आणखी धोका असा की लाटेचा एकच आवर्तकाल अंदाजणारा नियंत्रक दोन शिखरांच्या मध्ये कुठेतरी सात-आठ सेकंदांचा आकडा धरून बसतो, जिथे प्रत्यक्षात फारशी ऊर्जा नसते. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या किनाऱ्याच्या लाटांचा अभ्यास दीर्घकाळ करत आली आहे. प्रकल्पासाठी परदेशी समुद्राचा तयार वर्णपट न घेता आपल्याकडचा दोन शिखरांचा घ्या. माझ्या मते तुमच्या प्रकल्पातला सर्वात मोलाचा भाग तोच ठरेल.

आता भविष्य कळायचे कसे? इष्टतम नियंत्रण तत्त्वतः भविष्यावर अवलंबून असते, कारण बोयाने आज उठवलेली लाट पुढचे काही सेकंद त्याच्यावर बल लावत राहते. दूरवर मापक बोया ठेवून लाट आधीच मोजता येते, पण ते महाग आणि लाटांची दिशा अनेक असेल तर अवघड. बहुतेक वेळा मागच्या एक-दोन मिनिटांच्या नोंदीवरून पुढचे काढणारे ऑटोरिग्रेसिव्ह प्रतिमान पुरते. लांब लाटांसाठी ते एक-दोन आवर्तकाल पुढचे बरे सांगते. वाऱ्याच्या तोकड्या लाटांसाठी लवकरच भरकटते. त्यातही एक अडचण अशी की हलणाऱ्या बोयावर लाटेचे बल थेट मोजता येत नाही, कारण मापकाला लाटेचे, बोयाने उठवलेल्या लाटेचे आणि तरणशक्तीचे बल एकत्रच दिसते. म्हणून स्थान, वेग आणि जनित्राचे ज्ञात बल यांवरून कालमन फिल्टर या गणिती पद्धतीने ते अंदाजावे लागते.

हा अंदाज हाती आला की एक साधी पद्धत उभी राहते आणि तुमच्या मार्गदर्शकांचा पीआयडी तिच्यात नीट बसतो. पीआयडी नियंत्रक ठरवलेला वेग पाळायला उत्तम आहे, पण कोणता वेग ठरवायचा हे तो सांगू शकत नाही. तो वेग असा ठरवा : अंदाजित बल भागिले एक संख्या, जी आदर्शात प्रारणरोधाच्या दुप्पट असते आणि सरक दोन मीटरच्या बाहेर जायला लागली की आपोआप मोठी होते. बल आणि वेग एकाच कलेत राहतात, आयाम मर्यादेत राहतो, आणि आतला पीआयडी तो वेग पाळतो. तुमचे मार्गदर्शक चूक नाहीत. ते वेग पाळणाऱ्या आतल्या वर्तुळाबद्दल बोलत आहेत आणि शोधनिबंध वेग ठरवणाऱ्या बाहेरच्या वर्तुळाबद्दल.

मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल (एमपीसी) या सगळ्याची सर्वात नेटकी मांडणी आहे. सरक, बल, शक्ती या मर्यादा तो गणितातच घेतो, पुढच्या एखाद्या आवर्तकालासाठी सर्वोत्तम बल काढतो, त्यातले पहिले पाऊल टाकतो आणि सेकंदाच्या काही भागात पुन्हा सगळे नव्याने काढतो. परतीचा तोटा त्यात घालता येतो, पण मग गणित अवघड होते, आणि तोटा न घालता चालवलेला एमपीसी आनंदाने ७० टक्के कार्यक्षमतेच्या जनित्रातून शक्ती उसळवत राहतो. दुसरी अडचण मूलभूत आहे : प्रतिमान लहान हालचालीसाठी बरोबर असते आणि नियंत्रक बोयाला मोठ्या हालचालीकडे नेतो, म्हणजे नियंत्रक जितका यशस्वी, तितके त्याचे प्रतिमान खोटे. कुंडातल्या मोजमापांवरून प्रतिमान दुरुस्त करण्याची तयारी असेल तरच तिकडे वळा. मशीन लर्निंगबद्दल एवढेच : १२ सेकंदांच्या लाटा दिवसाला ७,२०० येतात, त्या शिकायला पुरतील असे वाटते, पण जुलैतल्या मोठ्या लाटा मोजक्या दिवसांतच येतात आणि तिथे शिकताना केलेली एक चूक यंत्राला शेवटची ठरू शकते. डॅम्पिंगसारखे मोजके गुणांक दर अर्ध्या तासाने सावकाश सुधारायला मात्र ते चांगले आहे.

मुरगाव बंदराच्या लाटरोधक भिंतीत असे यंत्र बसवता येईल का, असेही तुम्ही विचारले होते. तिथे बोयापेक्षा हवेच्या कोठडीचे यंत्र शोभेल, ज्यात पाणी वरखाली होऊन हवा टर्बाइनमधून आतबाहेर जाते. केरळात विळिंजमला १९९१मध्ये आयआयटी मद्रासने असे १५० किलोवॉटचे यंत्र उभारले होते, आणि स्पेनमधल्या मुत्रिकू बंदराच्या भिंतीत २०११पासून १६ टर्बाइनचा संच आहे. तिथे नियंत्रणाचा प्रश्न वेगळा असतो. अशा कोठडीत वापरतात त्या वेल्स टर्बाइनमधून हवा प्रमाणाबाहेर वेगाने गेली की पाती स्टॉल होतात, म्हणजे हवा पात्यांवरून सुटते, आणि शक्ती एकदम कोसळते, म्हणून टर्बाइनचा फिरण्याचा वेग लाटांप्रमाणे वाढवणे-उतरवणे आणि जादा हवा झडपेने सोडून देणे हेच मुख्य काम उरते. तो स्वतंत्र विषय आहे.

तुमच्या सहा महिन्यांसाठी माझा सल्ला असा. प्रतिकृतीचे गुणांक कॅपिटेन या मुक्त प्रणालीवर काढा आणि वेक-सिम या संगणकीय नक्कल करणाऱ्या प्रणालीत बोया उभा करा. पहिल्यांदा साध्या डॅम्पिंगचा आलेख काढा, गुणांक निम्मा ते दुप्पट फिरवून. त्याच वर्णपटावर पूर्ण भविष्य माहीत आहे असे धरून, सरकेची मर्यादा लावून, कमाल किती मिळू शकते ते काढा. या दोन आकड्यांमध्ये जेवढे अंतर आहे तेवढ्यासाठीच पुढची सगळी मेहनत आहे. मग परतीची कार्यक्षमता ९०, ८० आणि ७० टक्के ठेवून तो वरचा आकडा किती खाली येतो ते पाहा. ८० टक्क्यांना अंतर उरत असेल तर वर सांगितलेली वेग पाळणारी पद्धत करा, उरत नसेल तर लॅचिंग करा, आणि दोन्हींची परीक्षा सकाळच्या एका शिखराच्या आणि दुपारच्या दोन शिखरांच्या लाटांवर स्वतंत्रपणे घ्या.

प्रत्यक्ष प्रतिकृती पाण्यात उतरवाल त्या दिवशी जनित्र जोडू नका. बोया हाताने पाच सेंटिमीटर खाली दाबा, सोडा, आणि तो थांबेपर्यंतची नोंद घ्या. तीन-चार वेळा करा, दर वेळी थोडा जास्त दाबून. झोक्याचा काळ गणिताशी जुळतो का आणि जास्त दाबल्यावर तो झपाट्याने विझतो का, एवढे त्या नोंदीतून कळते. त्यानंतर जनित्र जोडून त्याला एक बलाचा झटका द्या आणि आज्ञा दिल्यापासून बोया हलेपर्यंत किती मिलिसेकंद गेले ते वहीत पहिल्या पानावर लिहा. तो आकडा सेकंदांत करून त्याला ३६० अंशांनी गुणून लाटेच्या आवर्तकालाने भागा. उत्तर दहा अंशांपेक्षा जास्त आले तर आधी फिल्टर बदला, नियंत्रकाला नंतर हात लावा.